लेट्यूसचा गड्डा आणि चौपन्न चिठ्ठ्या

१४ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार. लंडनच्या ‘डेली स्टार’ या टवाळखोर दैनिकाने दुकानातून साठ पेन्सना लेट्यूसचा एक गड्डा आणला, टेबलावर ठेवला, शेजारी पंतप्रधान लिझ ट्रस यांचा फोटो उभा केला आणि समोर कॅमेरा लावून दिला. थेट प्रक्षेपण सुरू. आधी कोण जातंय ते बघू! पुढे गड्ड्याला डोळे चिकटवले गेले, डोक्यावर केसांचा टोपही चढला. कल्पनेचं मूळ ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये होतं. ट्रसबाईंची कारभारावरची पकड लेट्यूस जेवढा टिकतो साधारण तेवढीच टिकली, असं त्या गंभीर साप्ताहिकाने लिहिलं होतं. सहा दिवसांनी, २० तारखेच्या दुपारी, ट्रस १० डाउनिंग स्ट्रीटच्या काळ्या दारातून बाहेर आल्या आणि राजीनामा जाहीर करून परत आत गेल्या. गड्डा मलूल झाला होता, कडा तपकिरी पडल्या होत्या, पण तो होता. टेबलाभोवती रंगीत दिवे फिरू लागले.

नवा नेता निवडेपर्यंतचे दिवस धरूनही बाईंच्या खात्यावर जमा झाले ४९ दिवस. त्याआधीचा नीचांक जॉर्ज कॅनिंगचा, ११९ दिवसांचा. आणि तो बिचारा १८२७ मध्ये पदावर असतानाच वारला होता.

हसून झालं की मग नवल वाटू लागतं. हे सगळं घडत असताना देशात सार्वत्रिक निवडणूक झालीच नव्हती. मतदार डिसेंबर २०१९ मध्ये एकदा मतदान केंद्रावर जाऊन आले होते, आणि त्या एका मतावर त्यांना पाठोपाठ तीन पंतप्रधान मिळाले: बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक. लोक संतापलेले होते, पण संतापलेल्या माणसाच्या हातात त्या वेळी ना मतपत्रिका होती ना दुसरं काही. तरीही एका वर्षात दोन पंतप्रधान गेले. मग हा राग वर चढला तरी कुठल्या जिन्याने?

जिना हुजूर पक्षाच्या घरातच होता. (कॉन्झर्व्हेटिव्हांना ‘हुजूर’ आणि लेबरला ‘मजूर’ हे नाव मराठी वर्तमानपत्रांनी फार पूर्वी देऊन ठेवलं. यमकापायी का होईना, इतकं नेमकं नामकरण मी दुसरं पाहिलेलं नाही.) या पक्षाच्या खासदारांची एक समिती आहे. नाव ‘१९२२ समिती’, स्थापना मात्र १९२३ ची. १९२२ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आलेल्या काही खासदारांना वेस्टमिन्स्टरमध्ये कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी एकत्र बसायला सुरुवात केली. शंभर वर्षांत त्या नवख्यांच्या अड्ड्याचं रूप असं पालटलं की पंतप्रधानही समितीच्या अध्यक्षांची वेळ सांभाळून वागू लागले.

या काळातला नियम ऐकण्यासारखा आहे. नेता नकोसा झाला तर खासदाराने अध्यक्षांना एक चिठ्ठी लिहायची. कारण द्यायची सक्ती नाही, सभा नाही, भाषण नाही. चिठ्ठ्या पक्षाच्या खासदारांच्या १५ टक्क्यांपर्यंत पोचल्या की गुप्त मतदान. २०२२ मध्ये हुजूर खासदार होते ३५९, म्हणून जादूचा आकडा ५४. तोवर किती चिठ्ठ्या आल्या, कुणाच्या आल्या, हे एकट्या अध्यक्षांना ठाऊक. लिहिलेली चिठ्ठी परत मागता येते. लिहून न लिहिल्याचं सांगता येतं, आणि न लिहिता लिहिल्याचंही. २०१० ते २०२४ अशी जवळजवळ सलग चौदा वर्षं हे अध्यक्षपद ग्रॅहम ब्रेडी नावाच्या गृहस्थांकडे होतं. ते वार्ताहरांसमोरून गेले की त्यांच्या चेहऱ्यावरून आकडा काढायची धडपड चाले. देशाचं सगळं गुपित ज्याच्या टेबलावर येतं त्या पंतप्रधानालाही स्वतःविरुद्धच्या चिठ्ठ्यांचा आकडा कळत नाही.

चिठ्ठ्यांवरून आठवलं. ब्रिटनचा प्रत्येक नवा पंतप्रधान पदावर येताच स्वतःच्या हाताने चार पत्रं लिहितो, चार अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या कप्तानांना. लंडन बेचिराख झालं, सरकार उरलं नाही, तर तुम्ही काय करायचं, हे त्यात असतं. पत्रं पाणबुडीतल्या तिजोरीत बंद राहतात आणि पंतप्रधान बदलला की न उघडताच नष्ट केली जातात. २०२२ च्या एका शरदात ही पत्रं दोनदा लिहिली गेली.

आपल्या वाचकाला हुजूर खासदारांचा हा चिठ्ठीचा नियम विशेष अजब वाटेल. २०२२ च्या जून महिन्यात आपल्याकडे शिवसेनेचे फुटलेले आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला मुक्कामाला होते, आणि दोन तृतीयांशांच्या आकड्यावर अख्खा महाराष्ट्र कायद्याचा अभ्यास करत होता. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदाच नाही. नेत्याविरुद्ध जायला हॉटेल लागत नाही. लागतं ते एक पाकीट, आणि हल्ली ईमेलही चालतो.

पण खासदार चिठ्ठी लिहायला बसतो कधी? शनिवार-रविवारी मतदारसंघात गेल्यावर लोक त्याला दारात उभं करत नाहीत, तेव्हा. जॉन्सन यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. २०१९ मध्ये या माणसाने पक्षाला ३६५ जागा मिळवून दिल्या होत्या. मग कोविड आला, घराबाहेर पडायचे कडक नियम आले, आणि नंतर कळलं की नियम करणाऱ्यांच्याच कचेरीत मेजवान्या झडत होत्या. कोट्यवधींच्या घोटाळ्याने लोक जितके पेटले नसते तितके या प्रकाराने पेटले, आणि ते समजायला एक चित्र पुरेसं आहे. १७ एप्रिल २०२१ ला राणी एलिझाबेथच्या पतीचा, प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी झाला. नियमाप्रमाणे मोजकी माणसं, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या संसारानंतर काळा मास्क लावून प्रार्थनागृहाच्या बाकावर एकटी बसलेली राणी. आदल्या रात्री डाउनिंग स्ट्रीटवर निरोपाच्या दोन पार्ट्या झाल्या होत्या. पुढे कचेरीने राजवाड्याची माफी मागितली. पण ज्यांनी आपल्या आईबापांना शेवटचं काचेतून पाहिलं होतं, त्यांची माफी मागणार कोण, आणि किती घरी जाऊन?

एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी जॉन्सन यांना दंडाची नोटीस दिली. अर्थमंत्री सुनक यांनाही. पदावर असताना कायदा मोडल्याचा ठपका आलेले जॉन्सन हे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान. ६ जूनला ५४ चा आकडा ओलांडल्याचं ब्रेडींनी जाहीर केलं. जॉन्सन २११ विरुद्ध १४८ मतांनी जिंकले. नियमानुसार आता वर्षभर अभय! महिन्याभरात, ५ जुलैच्या संध्याकाळी, सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे दिले आणि मग मंत्री पिकल्या जांभळांसारखे टपाटपा गळू लागले. एका बाईंना शिक्षणमंत्री केलं, दोन दिवस पुरे व्हायच्या आत त्याही गेल्या. ७ जुलैला जॉन्सन राजीनामा जाहीर करायला लाकडी भाषणपीठामागे येऊन उभे राहिले. हे भाषणपीठ बाहेर आणून ठेवलं की काहीतरी मोठं होणार, हे लंडनच्या वार्ताहरांना न सांगता कळतं. ट्रस यांचं पीठ तर पिळवटलेल्या ठोकळ्यांच्या मनोऱ्यासारखं दिसे. लोक त्याला लाकडी ठोकळ्यांच्या खेळाची उपमा देत, खालचा ओढला की सगळा कोसळतो तो. उपमा इतकी तंतोतंत खरी ठरेल असं कुणाला वाटलं असेल?

ट्रस यांना निवडलं कुणी, हेही सांगायला हवं. अंतिम दोघांतून नेता निवडायचा हक्क पक्षाच्या वर्गणीदार सभासदांचा. असे सुमारे १ लाख ७२ हजार. त्यांतल्या ८१,३२६ जणांनी ट्रस यांना मत दिलं. आपल्या एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार असतात. त्याच्या एका कोपऱ्यात मावतील एवढ्या लोकांनी पावणेसात कोटींच्या देशाचा पंतप्रधान ठरवला. ६ सप्टेंबरला बाल्मोरलला राणीने त्यांची नियुक्ती केली. ८ तारखेला राणी वारली. देश दुःखात, राजकारण दहा दिवस स्तब्ध.

आणि मग २३ सप्टेंबर. अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग संसदेत उभे राहिले आणि सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे कुठून आणणार? कर्ज काढून. सोबत सरकारी तटस्थ संस्थेचा आर्थिक अंदाजही मांडला नाही. पुढचे पाच दिवस म्हणजे, माझ्या मते, अर्थशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला धडा आहे.

सोमवारी पौंड १.०३ डॉलरवर आपटला, त्याच्या इतिहासातला नीचांक. पण खरी पडझड वेगळ्याच मजल्यावर चालली होती. ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांना तिथे ‘गिल्ट’ म्हणतात. जुन्या काळी त्या कागदांच्या कडांना सोनेरी मुलामा असे म्हणून. हे रोखे म्हणजे शंभर नंबरी सोनं मानलं जातं, म्हणून निवृत्तिवेतनाच्या फंडांनी ते तारण ठेवून आणखी व्यवहार केलेले होते. सरकार बेफाम कर्ज काढणार हे दिसताच लोकांनी रोखे विकायला काढले. भाव पडला. भाव पडला म्हणून सावकार फंडांना म्हणाले, तारण कमी पडतंय, आणखी आणा. आणखी आणायचं तर हाताशी काय? रोखेच. ते विकले, भाव आणखी पडला. पुन्हा तगादा, पुन्हा विक्री. बुधवारी, २८ सप्टेंबरला, बँक ऑफ इंग्लंडला स्वतः बाजारात उतरून रोखे घ्यावे लागले. गरज पडली तर ६५ अब्ज पौंडांपर्यंत घेऊ, असं तिने सांगितलं, प्रत्यक्षात १९.३ अब्जांत वणवा आटोक्यात आला.

हे सगळं काचेच्या इमारतींमध्येच राहिलं असतं तर लेट्यूसला कुणी टोप घातला नसता. पण ब्रिटनमध्ये गृहकर्जाचा व्याजदर सहसा दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो, मग नव्याने ठरतो. बँकांनी शेकडो कर्जयोजना रातोरात मागे घेतल्या. दोन वर्षांच्या कर्जाचा जो सरासरी दर वर्षभरापूर्वी अडीच टक्क्यांच्याही खाली होता, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहाच्या वर गेला. दोन लाख पौंडांचं पंचवीस वर्षांचं कर्ज घ्या आणि कागदावर मांडून बघा: सव्वादोन टक्क्यांनी महिन्याचा हप्ता येतो ८७२ पौंड, सहा टक्क्यांनी १,२८९. महिन्याला चारशेवर पौंड जास्त, आणि तेही विजेची-गॅसची बिलं आधीच छाताडावर बसलेली असताना. त्या ऑक्टोबरात महागाईचा दर ११.१ टक्के होता, एक्केचाळीस वर्षांतला सर्वाधिक. ‘यूगव्ह’च्या एका चाचणीत मजूर पक्ष ३३ अंकांनी पुढे गेला. हुजूर खासदारांनी तो आकडा वाचला आणि आपापल्या मतदारसंघातलं मताधिक्य आठवून पाहिलं. राग वर चढतो तो या जिन्याने, घराच्या हप्त्याच्या नोटिशीपासून खासदाराच्या पोटातल्या गोळ्यापर्यंत.

१४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना वॉशिंग्टनहून बोलावून घेऊन काढलं. त्यांची कारकीर्द ३८ दिवसांची. नवे अर्थमंत्री जेरेमी हंट, त्या उन्हाळ्यापासूनचे चौथे. त्यांनी जवळजवळ सगळी करकपात मागे घेतली. १९ तारखेला ट्रस संसदेत म्हणाल्या, मी लढणारी आहे, पळणारी नाही. त्याच रात्री एका मतदानावरून स्वपक्षाच्या खासदारांत असा गोंधळ माजला की धक्काबुक्कीचे आरोप झाले. दुसऱ्या दिवशी ब्रेडी त्यांना भेटायला गेले. नव्या नेत्याला वर्षभर अभय हा नियम तेव्हाही होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

२४ ऑक्टोबरला आपल्याकडे लक्ष्मीपूजन. त्या संध्याकाळी सुनक यांची बिनविरोध निवड झाल्याची बातमी आली आणि फराळाच्या ताटांवरचे फोन निनादू लागले. पुण्यात तर या बातमीला घरचा वास होता. सुनक यांच्या सासूबाई सुधा मूर्ती टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होत्या, आणि सासऱ्यांची इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली, सुधाताईंनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. कौतुक खूप झालं. ब्रिटिश मतदाराचा राग मात्र माणूस बदलल्याने गेला नाही. पंतप्रधान कोण हे चिठ्ठ्यांनी ठरवता येत होतं, पण हप्ता त्यांना उतरवता येत नव्हता.

अखेर ४ जुलै २०२४ ला मतपेटी आली. हुजूर पक्षाच्या १२१ जागा उरल्या, त्याच्या इतिहासातल्या सर्वांत कमी. साउथ वेस्ट नॉरफोकमध्ये २०१९ ला २६,१९५ मतांनी जिंकलेल्या ट्रस ६३० मतांनी पडल्या. १२१ चे १५ टक्के म्हणजे १९. एकोणीस चिठ्ठ्यांत नेत्याविरुद्ध मतदान. उरलेल्या खासदारांनीही हा हिशोब केला असावा, कारण त्याच वर्षी केमी बेडनॉक नेत्या झाल्यावर १९२२ समितीने चिठ्ठ्यांची अट १५ टक्क्यांवरून एक तृतीयांशावर नेली.