मान खेळाला की वागणुकीला?

लखनौला गेलेली मराठी मंडळी अमीनाबादच्या बाजारात चिकनचे कुडते घेतात, कुल्फी खातात आणि परततात. तिथून गोमतीपलीकडे, विद्यापीठाच्या मैदानावर, ऑक्टोबर 1952 मध्ये भारत-पाकिस्तान कसोटी सामना झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फजल महमूदने ज्यूटच्या मॅटिंगवर 12 बळी घेतले आणि भारत एक डाव 43 धावांनी हरला. पण ती मालिका भारताने 2-1 अशी जिंकली. आपला तो पहिला कसोटी मालिका विजय! कर्णधार होते लाला अमरनाथ.

हेच अमरनाथ एकेकाळी ‘बेशिस्त’ म्हणून बदनाम झाले होते. 1933 मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर 118 धावा करून त्यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात, पहिल्या कसोटीपूर्वीच त्यांना मायदेशी धाडण्यात आले. पॅड बांधून ताटकळत बसवले आणि खेळायला अगदी शेवटी पाठवले, म्हणून ते संतापले होते. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे ‘विझी’. त्यांनी तीन कसोटींत मिळून 33 धावा केल्या, मालिका 2-0 अशी गमावली; आणि त्याच दौऱ्यात त्यांना ‘सर’ किताब मिळाला!

पुढे न्यायमूर्ती बोमाँट यांच्या समितीने चौकशी केली. अमरनाथ निर्दोष ठरले आणि ठपका विझींच्या नेतृत्वावर आला. तरीही 1949 मध्ये क्रिकेट मंडळाने बेशिस्तीच्या आरोपावरून अमरनाथ यांना पुन्हा निलंबित केले. काळाचा न्याय मात्र वेगळा निघाला. 1991 मध्ये पद्मभूषण आणि 1994 मध्ये मंडळाचाच पहिला सी. के. नायडू पुरस्कार त्यांना मिळाला. 1949 चा शेरा कायम धरला असता, तर हा सन्मान कुणाला दिला असता?

अमेरिकेतही हाच वाद

अमेरिकेत बेसबॉलच्या थोर खेळाडूंसाठी ‘हॉल ऑफ फेम’ आहे. तिथे प्रवेशासाठी क्रीडापत्रकारांची 75 टक्के मते लागतात. मत देताना खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही पाहावे, असा नियम आहे. मात्र 1936 च्या पहिल्याच निवडीत टाय कॉब यांना स्थान मिळाले. हिणवणाऱ्या प्रेक्षकाला गर्दीत शिरून मारल्याबद्दल 1912 मध्ये निलंबित झालेले हेच ते कॉब. उलट 4,256 फटक्यांचा विक्रम करणारे पीट रोझ बेसबॉलवर पैजा लावल्यामुळे 1989 पासून बहिष्कृत राहिले. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2025 मध्ये, मृत्यूनंतर, ती बंदी उठली.

मग कसोटी कोणती?

घरातल्या मुलांनी खेळाडूंचे फोटो भिंतीवर लावलेले असतात. तेव्हा ‘वागणूक कशीही असो, खेळ पाहा’ असे म्हणणे आईवडिलांना पटत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण सगळ्या चुका एका तराजूत तोलता येत नाहीत. सामना विकणे, उत्तेजक द्रव्ये घेणे यांनी खेळाचीच फसवणूक होते. अशाने मिळवलेल्या धावा किंवा पदके मुळातच खोटी, त्यांना मान कसला? कुणाला इजा केली, कुणाचा छळ केला, तर न्यायालय आहेच. आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर कोणत्याही संस्थेने त्याच्या गळ्यात हार घालू नये. तापट स्वभाव, उर्मट उत्तर, अधिकाऱ्यांशी भांडण मात्र वेगळे. तिथे बऱ्याचदा ‘बेशिस्त’ याचा अर्थ ‘आमच्यापुढे वाकला नाही’ एवढाच असतो.

आणि निवाडा चौकशीनंतरच हवा. महंमद अझरुद्दीन यांच्यावर 2000 मध्ये मंडळाने आजन्म बंदी घातली. 2012 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. तोवर त्यांची बारा वर्षे गेली होती.

मुलांना अमरनाथ यांची गोष्ट सांगताना शतक सांगावे, त्यांचा संतापही सांगावा आणि चौकशीत काय निघाले तेही सांगावे. पुरस्कार देणाऱ्यांनीही एवढे केले, तरी पुष्कळ झाले.