ब्रेक ऑइल जाते कुठे?

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. घरगुती पद्मिनी मात्र हौशी मंडळींनी अजून जपल्या आहेत. माझे अशा मंडळींत नेहमीचे जाणे-येणे. त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘ब्रेक ऑइल थोडे कमी होते, पण वरून घातले की काम भागते.’ भागते खरे. पण कुठवर, हे घाटाच्या उतारावर कळते.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखे जळून संपत नाही. लायनर झिजतात तशी डबीतली पातळी किंचित उतरते, पण तीही महिन्यांच्या हिशेबाने. आठवड्यात बोटभर कमी झाले तर ते कुठून तरी बाहेर पडते आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असे. म्हणजे एका चाकाशी नळी फुटली की पायाखालचा ब्रेक चारही चाकांचा गेला. उरतो तो तारेवर चालणारा हँडब्रेक.

मग शोधायचे कसे? रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग दिसला तर त्या जागेवरचा ओघळ बोटाने टिपून वाटीभर पाण्यात सोडावा. इंजिनचे किंवा गिअरचे ऑइल तवंगासारखे वर तरंगते, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. (वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, ते विषारी असते.)

पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. एका स्नेह्यांच्या १९७८ च्या पद्मिनीखाली थेंबही पडत नव्हता. मागचा डावा ड्रम उघडला, तर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीआड ओल आणि लायनर भिजून काळे झालेले. गळलेले सारे ड्रमच पोटात घेत होता. पुढच्या चाकात असे झाले तर ब्रेक लावताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. भिजलेले लायनर धुऊन परत बसवण्याची काटकसर मला मान्य नाही. ते बदलावेत, आणि तेही दोन्ही बाजूंचे.

ड्रम कोरडे असतील तर चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या वाकवून भेगा पाहाव्यात. लोखंडी नळ्या चिमट्यांपाशी गंजतात, कोकणातल्या गाड्यांच्या तर फारच. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते आणि डबीतली पातळी मात्र तेवढीच राहते, असे असेल तर मास्टर सिलिंडरमधले रबर गेले समजावे. नवे किट घालण्याआधी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून नजर फिरवावी. तिला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे रबरही फार दिवस टिकत नाही; सिलिंडरच बदलावा लागतो.

दुरुस्तीनंतर हवा काढायची ती सहसा सर्वांत दूरच्या चाकापासून. नवे ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्यावे, कारण ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याची मर्यादा १४० पर्यंत घसरते. लांबलचक उतारावर ड्रम तापले की त्याची वाफ होते आणि गळती नसतानाही पेडल पोकळ लागते. रंगावर थेंब उडाला तर लगेच पाण्याने धुवावा. पद्मिनीचा जुना रंग त्याने साबुदाण्यासारखा फुगून निघतो.