गावाची चित्ररोजनिशी

आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाच्या कोपऱ्यावर, १९९० नंतरच्या दशकात, पिवळ्या पाटीचे एक टेलिफोन बूथ होते. रात्री दर उतरले की तेथे रांग लागे. मुंबईच्या मुलाची खुशाली, पुण्याच्या लेकीचे बाळंतपण, ठरलेली आणि मोडलेली लग्ने, सारे त्या काचेच्या दाराआड, पैशाचे लाल आकडे डोळ्यांपुढे पळत असताना बोलले जाई. पुढे मोबाइल आले व बूथ गेले. काही वर्षांनी एका लेखासाठी आम्हांस त्याचे छायाचित्र हवे झाले, तेव्हा असे आढळले की सबंध गावात ते कोणाजवळही नाही. गणेशविसर्जनाची चित्रे हवी तितकी मिळाली. पुढाऱ्यांच्या सत्काराची तर नको तितकी. अखेर एका लग्नाच्या आल्बममध्ये नवरदेवाच्या घोड्यामागे त्या पिवळ्या पाटीचा अर्धा कोपरा सापडला. ज्या जागी निम्मे गाव हसले-रडले, तिचा तेवढाच पुरावा उरला आहे.

जे रोज दिसते ते उद्याही दिसणारच, अशी आपली समजूत असते. म्हणून कॅमेरा निघतो तो सणावारी. नुसत्या चित्रांवरून कोणी आपल्या गावांचा इतिहास लिहू गेला, तर येथील लोक बाराही महिने फेटे बांधून मिरवणुकीत चालत होते, असाच त्याचा समज व्हावा.

या उणिवेचा विचार इंग्लंडात पूर्वीच झालेला आहे. टॉम हॅरिसन नावाचे गृहस्थ पॅसिफिक महासागरातील मालेकुला बेटावरील लोकांत राहून परतले. परक्या बेटावरील माणसे आपण जशी न्याहाळतो तशी स्वतःच्या देशातील का न्याहाळू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. १९३७ साली चार्ल्स मॅज व हम्फ्री जेनिंग्ज यांच्यासह त्यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ हे कार्य आरंभले. त्या वर्षी ठिकठिकाणची सामान्य माणसे दर महिन्याच्या १२ तारखेला आपण दिवसभर काय केले ते लिहून पाठवीत. निरीक्षणासाठी गाव निवडले ते लँकेशायरमधील बोल्टन, म्हणजे कापडगिरण्यांचे. (लँकेशायरच्या कापडाची ओळख आपल्या वाडवडिलांना परदेशी कापडाच्या होळ्यांमुळे चांगलीच होती.) तेथे हम्फ्री स्पेंडर या छायाचित्रकाराने १९३७-३८ मध्ये सुमारे ९०० चित्रे टिपली: गल्लीत आडव्या दोरीवर वाळणारे कपडे, दारूच्या गुत्त्यातील गप्पा, रस्त्यात खेळणारी पोरे, एक प्रेतयात्रा. त्यांतील बहुतेक चित्रे कित्येक दशके अप्रकाशितच राहिली. १९८२ साली त्यांचे पुस्तक निघाले, तोवर गिरण्यांचे ते जग ओसरलेले होते.

रोज एक चित्र हा नेम मात्र स्पेंडरचा नव्हे. त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील जेमी लिव्हिंगस्टन यांचे. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयात शिकत असताना, ३१ मार्च १९७९ रोजी, त्यांनी पोलरॉइड कॅमेऱ्याने रोज एक चित्र काढण्यास प्रारंभ केला. चित्र जागच्या जागी उमटून हाती येई. हा नेम त्यांनी २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत चालविला. तो त्यांचा एकेचाळिसावा वाढदिवस होता, आणि त्याच दिवशी कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. मागे सहा हजारांहून अधिक चित्रे राहिली. त्यांत मित्र आहेत, जेवणाची ताटे आहेत, रिकाम्या खोल्या आहेत, आणि शेवटी रुग्णालयही आहे. सुटी सुटी पाहिली तर अनेक चित्रे अगदी साधी आहेत. ओळीने पाहू लागलो की मात्र हातातले चित्र खाली ठेववत नाही.

बूथच्या त्या प्रसंगानंतर आम्हीही वर्षभर आमच्या गावात हा नेम धरला. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. नदीचा घाट, देवळाचे शिखर, पुलावरचा सूर्यास्त. तिसऱ्या आठवड्यात चित्रासारखे दिसणारे सर्व संपले, आणि खरे काम तेथून सुरू झाले. नाइलाजाने नजर खाली आली. पिठाच्या गिरणीत ओळीने मांडलेले, रंगाने नावे घातलेले डबे. चैत्रात गच्चीवर वाळणारे पापड व राखणीला बसविलेला नातू. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घागरी. स्थानकात सहाच्या गाडीखाली झोपलेले कुत्रे. रोजच्या सक्तीचा उपयोग हाच की ती आपल्या आवडीनिवडीला पुरून उरते.

चुकाही झाल्या. पावसाळ्यातील काही चित्रे आम्ही मोबाइलवरून मित्रांना पाठविली आणि जागा होत नाही म्हणून मूळ चित्रे पुसून टाकली. मोबाइल चित्राच्या पोटातच तारीख व वेळ नोंदवीत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने चित्र पाठविले की ती नोंद गळते आणि चित्रही आक्रसते. मित्रांकडून परत आली ती बारीक, बिनतारखेची चित्रे. कोणते आषाढातले व कोणते भाद्रपदातले, हे आता कोण सांगणार? तेव्हापासून आम्ही एक साधी वही ठेवली: तारीख, जागा, माणसे, आणि एक ओळ. मूळ चित्रे दोन ठिकाणी साठविली, महिन्यातून चार-पाच कागदावर छापून घेतली.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. स्पेंडर जुनाट कोटाखाली कॅमेरा लपवून माणसे टिपीत. लोकांच्या खाजगीत असे शिरणे त्यांना स्वतःलाही रुचत नसे. मोठ्या शहरात ते खपूनही जाईल. आमच्या गावी रेशनच्या रांगेचे चित्र काढताना एका बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच बाई भाजीच्या हातगाडीशी आमच्या शेजारी उभ्या होत्या. आम्ही ते चित्र पुसले. रांग हा गावाच्या जीवनाचा भाग आहे, ती नोंदलीच पाहिजे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ती रांग ज्यांची आहे त्यांना विचारूनच नोंदली पाहिजे, असे आमचे मत त्या हातगाडीशी बनले. विचारल्यावर माणसे अवघडून उभी राहतात, हे खरे. दोन मिनिटे थांबावे, म्हणजे ती आपल्या कामाला लागतात.

आणि चित्राची एक प्रत ज्याची त्याला द्यावी. गिरणीवाल्या मामांना आम्ही डब्यांचे चित्र नेऊन दिले. त्यांनी पिठाचे हात धोतराला पुसले, चष्मा लावला, आणि स्वतःकडे न पाहता डब्यांवरची नावे वाचू लागले. “हे पुण्याला गेले. ह्यांची म्हातारी आता एकटीच, पावशेर दळण आणते. हा डबा ह्यांचा नव्हे हो, लेकीच्या सासरचा.” आम्ही वही काढून लिहीत राहिलो. सतरा डबे झाले. अठराव्याचा रंग उडाला होता. ते नाव त्यांनाही लागेना. तेवढ्यात दळण संपल्याचा आवाज आला व ते आत गेले.