दात्याची पारख

रक्ताच्या कर्करोगासाठी मुलाला दुसऱ्याच्या मूळपेशी द्यायच्या, तर आधी त्याची स्वतःची अस्थिमज्जा केमोथेरपीने, कधी रेडिएशननेही, रिकामी करावी लागते. या माऱ्यात आतड्याचं अस्तर सोलवटतं, आणि संसर्गाच्या धास्तीने द्याव्या लागणाऱ्या अँटिबायोटिक्समुळे आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत सी. डिफिसिलसारखे जुलाब घडवणारे जंतू माजतात. न्यूयॉर्क, डरॅम, रेगेन्सबर्ग आणि साप्पोरो इथल्या १,३६२ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता घटली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. विविधता घटली म्हणूनच मृत्यू आले, असं यावरून सिद्ध होत नाही. तरी गेलेले जिवाणू परत आणून पाहावेत, हा विचार त्यातून सुचतो.

उपाय ऐकायला किळसवाणा आहे: निरोगी माणसाची विष्ठा तपासायची, सलाइनमध्ये कालवून गाळायची आणि नळीने किंवा कॅप्सूलमधून रुग्णाच्या आतड्यात पोहोचवायची. डेन्व्हरच्या बेन आइसमन यांनी १९५८ मध्येच चार रुग्णांवरचे असे उपचार नोंदवले होते. पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत वारंवार उलटणारा सी. डिफिसिलचा आजार १६ पैकी १३ जणांमध्ये एकाच खेपेत आटोक्यात आला. नुसत्या व्हॅनकोमायसिन या अँटिबायोटिकने १३ पैकी फक्त चौघांना गुण आला. मात्र नुकतीच केमोथेरपी झाल्याने प्रतिकारशक्ती ढासळलेले रुग्ण त्या चाचणीतून वगळले होते. नेमकी तीच आपली मुलं. त्यांच्याबद्दलचा पुरावा मोजक्या रुग्णांच्या नोंदींपुरताच आहे.

मग अशा मुलांना जिवंत जंतू द्यायचेच कशाला, हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये या उपचारातून दोघा प्रौढांना अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या ई. कोलायचा संसर्ग झाला; त्यातला मूळपेशी प्रत्यारोपणाचा रुग्ण दगावला. पण दात्याची ती विष्ठा या जंतूसाठी तपासलेलीच नव्हती. माझ्या मते त्या मृत्यूने दोष दाखवला तो तपासणीचा. मुलांना उपचारापासून कायमचं दूर ठेवल्याने ती सुरक्षित होत नाहीत, कारण न थांबणारे जुलाब आणि अँटिबायोटिक्सच्या फेऱ्या यांचाही धोका असतोच. तेव्हा हा उपचार व्हावा, पण चाचणीच्या चौकटीत आणि कडक निकषांवर. आपल्याकडे ही अट आणखी जड आहे: भारतात धडधाकट माणसांच्या आतड्यातही असे औषधांना दाद न देणारे जंतू सर्रास सापडतात, त्यामुळे घरातलाच काका किंवा भाऊ दाता म्हणून चालेल असं गृहीत धरता येत नाही. मुलाचीच विष्ठा आधी साठवून नंतर परत द्यावी, तर प्रत्यारोपणाची वेळ येईपर्यंत अँटिबायोटिक्सने तीही अनेकदा बिघडलेली असते. शिवाय लहान बाळांच्या आतड्यात सी. डिफिसिल कसलाही त्रास न देता राहू शकतो. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून उपचाराला हात घालायचा नसतो, आधी विषाणू, औषधं आणि दात्याच्या पेशींनी आतड्यावर केलेला हल्ला ही जुलाबांची बाकीची कारणं तपासावी लागतात.