चहाच्या टेबलाशी कोण बसते?

रोम शहरात स्पॅनिश पायऱ्यांच्या शेजारी बॅबिंग्टन नावाचे इंग्रजी थाटाचे चहागृह आहे. सकाळी तेथे किटलीभर चहा, अंडी, लोणी, मुरंबा आणि ‘स्कोन’, म्हणजे पाव व बिस्कीट यांच्या मधला एक जाडसर प्रकार, अशी न्याहारी मिळते. वालूरच्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आम्हांला पदार्थांपेक्षा बसणाऱ्यांविषयी बोलायचे आहे.

१८९३ साली इझाबेल कार्गिल आणि ॲना मारिया बॅबिंग्टन या दोघींनी शंभर पौंडांच्या भांडवलावर हे दुकान काढले. रोमचे लोक कॉफी पिणारे. चहा तेथे औषधांच्या दुकानात मिळे! दोन बायकांनी धंदा काढावा हे त्या काळी धाडसच. पण त्याची वाट लंडनमध्ये आधीच पडली होती. पाव करणाऱ्या एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ साली चहाचे दुकान उघडले, आणि १८९४ साली लायन्स कंपनीने पिकॅडिलीत. एकट्या बाईने दारूच्या गुत्त्यात जाऊन बसणे लाजिरवाणे मानले जाई. पण कचेरीत टंकलेखन करणाऱ्या, दुकानात माल विकणाऱ्या बाईला दुपारची भूक काही चुकत नव्हती. चहागृहाने तिला एकटीने बसून खाण्याची जागा दिली. पुढे मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रिया अशाच ठिकाणी जमत.

मुंबईत हे काम इराण्याने केले. धोबीतलावाची कयानी १९०४ सालची. गिरणीचा कामगार एकेका खोलीत दहा-बारा जणांत राही. तेथे पहाटे चूल कोण पेटवणार? पाळीवर जाण्याआधी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे ब्रून-मस्का चहात बुडवून खाल्ला की न्याहारी झाली. त्याच संगमरवरी टेबलाशी कारकून बसे, विद्यार्थी बसे. इराणी पैसे मोजून घेई, जात विचारीत नसे.

आणि आपल्याकडे? कित्येक गावांतील हॉटेलांत दलितांची कपबशी निराळी असे, छपरात खोचून ठेवलेली. चहा बाहेर बसून प्यायचा आणि कपबशी आपणच विसळायची. १९५० साली अंमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहे सर्वांना खुली केली आणि १९५५ च्या कायद्याने असला भेद गुन्हा ठरवला. कपबशी एक व्हायला मात्र कायद्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली, हे येथल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगायला नको.

बसणाऱ्याचे झाले; आता चहा आणून देणाऱ्याचे पाहा. चौदा वर्षांखालील पोराला हॉटेलात कामाला ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून बंद झाले. मोठ्या नोकराचे कामाचे तास आणि सुटी १९४८ च्या मुंबईच्या दुकाने कायद्यात बांधून दिलेली होती. २०१७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला, आणि त्याने दहांपेक्षा कमी नोकर असलेली दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली. आता गावच्या चहाच्या हॉटेलात दहा नोकर कोठून असायचे? एक भट्टीवर, एक टेबलांवर, एक कपबश्या विसळायला; गल्ल्यावर मालक स्वतः. हॉटेल कामगारांची संघटना बांधताना आम्ही अशा नोकराला प्रथम विचारतो, ‘बाबा, तुझी न्याहारी किती वाजता होते?’ पहाटे पाचला भट्टी पेटवणारा बहुधा उत्तर देतो, ‘गिऱ्हाईक कमी झालं की.’