अंतऱ्यात राहणारे बंदिशकार

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची बोलणी सुरू होतात. यंदा कोण गाणार, शेवटच्या दिवशी कोण, नवं कोण ऐकायला मिळणार. पं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवानं महाराष्ट्राच्या कानाला वळण लावलं, हे ऋण मोठं आहे. म्हणूनच तिथली एक उणीव मनाला फार लागते. निवेदक राग सांगतात, ताल सांगतात, तबला-पेटी-तानपुऱ्यावर कोण आहे तेही सांगतात. बंदिश कोणाची, हे बहुधा राहून जातं. एखादा कलाकार आपण होऊन सांगतो, तेवढंच. आपल्या बहुतेक संगीत महोत्सवांत हीच रीत आहे.

कर्नाटक संगीतात असं होत नाही. तिथे कृती त्यागराजांची की दीक्षितरांची, हे श्रोत्यांना ठाऊक असतं आणि मैफलीच्या यादीत रागाशेजारी रचनाकाराचं नाव लिहिलेलं असतं. ख्यालात बंदिशीवर गायकाचा हक्क अधिक, बढत त्याची, म्हणून आपल्याकडे वेगळी रीत पडली असं म्हणतात. ते मला पटत नाही. बढत ज्या मुखड्यावर येऊन टेकते, तो मुखडा कोणीतरी विचार करून सम गाठेल असा बेतलेला असतो.

ख्यालाच्या बंदिशीत रचनाकार आपली मुद्रा, म्हणजे टोपणनाव, बहुतेक वेळा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, घालतो. मुहम्मदशहा रंगिल्याच्या दरबारातले नियामत खाँ ‘सदारंग’ झाले, त्यांच्यामागून ‘अदारंग’ आले. अत्रौलीचे महबूब खाँ ‘दरसपिया’, फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’. त्यांच्या नावाची नोंद राहिली ती या एका शब्दात. आणि गाण्यात पहिला बळी जातो तो अंतऱ्याचाच. उस्ताद अमीर खाँसारखे थोर गायक विलंबितात अनेकदा अंतरा घेतच नसत. तो त्यांच्या गायकीचा विचार होता. आताचं कारण घड्याळाचं आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि रात्रभर चालणारे महोत्सव संध्याकाळपुरते आक्रसले. तासाभराच्या वेळेत विलंबित, द्रुत, वर एखादं भजन बसवायचं तर अंतरा उरकला जातो, द्रुतात तर शब्द तानेखाली दबतात. बंदिशकाराची सही तिथेच पुसली जाते.

पं. जगन्नाथबुवा पुरोहित यांचंच पाहा. ‘गुणिदास’ ही त्यांची मुद्रा. आग्रा घराण्याची तालीम, लयीवर विलक्षण पकड, आणि शिष्यमंडळी कोण? राम मराठे, माणिक वर्मा, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी, जितेंद्र अभिषेकी. जोगातले दोन गंधार चंद्रकंसाच्या अंगाशी जोडून त्यांनी जोगकंस उभा केला. आज घराण्याच्या भिंती ओलांडून सगळे हा राग गातात, वाजवतात. व्यासपीठावरून ‘जोगकंस’ असा उच्चार होतो, टाळ्या पडतात, आणि बुवांचं नाव उच्चारायला लागणारे दोन सेकंद कोणाला सापडत नाहीत. बुवा १९६८ साली गेले. शिष्य व्यासांनी ‘गुणिजान’ या मुद्रेनं स्वतःच्या बंदिशी बांधल्या, अभिषेकींनी ‘श्यामरंग’ नावानं; पण अभिषेकी म्हटलं की लोकांना नाट्यपदांच्या चालीच आठवतात.

‘सुजान’ म्हणजे श्रीकृष्ण रातंजनकर, भातखंड्यांचे शिष्य. ‘अभिनव गीतमंजरी’त त्यांच्या बंदिशी छापील उपलब्ध आहेत, तरी त्या विद्यालयांत आणि शिष्यपरिवारातच अधिक वावरतात. अलाहाबादच्या रामाश्रय झा ‘रामरंग’ यांनी ‘अभिनव गीतांजली’चे पाच भाग लिहिले. आग्रा परंपरेतले बबनराव हळदणकर ‘रसपिया’ होते. गाणाऱ्यांच्या वहीत ही सगळी नावं असतात. श्रोत्यांपर्यंत ती पोचावीत, अशी व्यवस्थाच आपण केलेली नाही.

स्त्रियांची बाब आणखी अवघड. परंपरेतल्या नामांकित बंदिशकारांत स्त्रिया शोधाव्या लागतात. डॉ. प्रभा अत्रे यांनी मात्र स्वतः बांधलेल्या बंदिशी आयुष्यभर गायल्या, ‘स्वरांगिनी’ आणि ‘स्वरंजनी’त त्या ग्रथित केल्या, मारूबिहाग आणि कलावतीतल्या त्यांच्या रचना तर घरोघरी पोचल्या. सवाईची सांगता वर्षानुवर्षं त्यांच्या गाण्यानं होत असे. २०२४च्या जानेवारीत त्या गेल्या. आता त्या बंदिशी दुसऱ्यांच्या गळ्यातून येतील, तेव्हा नाव सांगण्याची जबाबदारी गाणाऱ्यावर आणि आयोजकांवर आहे. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी ‘रागरचनांजली’त आपल्या बंदिशी दिल्या आहेत, त्यांच्या हयातीतच ही सवय लागायला हवी.

करायचं आहे ते फार खर्चाचं नाही. कलाकाराकडून राग आणि ताल विचारून घेतात, त्याच चिठ्ठीवर बंदिशकाराचं नाव लिहून घ्यावं. ठाऊक नसेल तर ‘पारंपरिक’ म्हणावं, पण विचारावं. दरवर्षी एक सत्र एकाच बंदिशकाराला द्यावं. दोन-तीन घराण्यांचे गायक, प्रत्येकाची गायकी आपापली, बंदिशी मात्र सगळ्या गुणिदासांच्या, आणि अंतरा पूर्ण. पहिल्या वर्षाचं नाव मी सुचवून ठेवलं आहे.