शंभर मोहिमांनंतरचं पदक

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून आज शिकाऊ वैमानिक उड्डाणं घेतात. ही धावपट्टी मूळची इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. त्या युद्धातले इंग्रज वैमानिक आपल्याला ठाऊक असतात ते सिनेमातून, पण त्यांच्यातल्या एका बॉम्बर वैमानिकाचं महाराष्ट्राशी जवळचं नातं जुळलं. त्याचं नाव लेनर्ड चेशायर.

जन्म १९१७ चा. ऑक्सफर्डला कायदा शिकताना तो विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायला शिकला आणि १९४० मध्ये व्हिटली बॉम्बर घेऊन जर्मनीवर जाऊ लागला. त्या नोव्हेंबरात कोलोनच्या मोहिमेवर विमानभेदी तोफेचा गोळा लागला, आतला प्रकाशबाण पेटला आणि विमानाची एक बाजू फाटून उघडी पडली. तशा विमानातून त्याने सगळ्या सहकाऱ्यांना घरी आणलं. त्यासाठी 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर', म्हणजे डीएसओ मिळाली. हा मान सहसा वरिष्ठ अधिकाऱ्यांचा. चेशायर तेव्हा पायलट ऑफिसर, हवाई दलातल्या अगदी खालच्या अधिकाऱ्यांपैकी एक.

पुढच्या वर्षी डीएफसी, 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' आला. शत्रूविरुद्धच्या उड्डाणातल्या शौर्याचं हे पदक. आपल्या अर्जन सिंग यांना १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मिळालं ते हेच, आणि व्हेंजन्स बॉम्बर चालवणाऱ्या पी. सी. लाल यांनाही हेच. तोच सन्मान पुन्हा मिळाला तर नवं पदक देत नाहीत, जुन्याच्या फितीवर एक पट्टी चढवतात. तिला 'बार' म्हणतात. चेशायरच्या डीएसओवर १९४३ पर्यंत असे दोन बार चढले होते.

ही पदकं वाचताना एक आकडा समोर ठेवायला हवा. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५ हजारांहून अधिक मारले गेले. पहिल्या तीस मोहिमा पुऱ्या झाल्या की माणसाला विश्रांतीवर पाठवत, पण तिथपर्यंत पोचणं हेच नशिबाचं काम. चेशायर पोचला, आणि पुन्हा पुन्हा परत गेला. पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टन होऊन तो एका तळाचा प्रमुख झाला, पण टेबलाशी बसणं त्याला सोसेना. १९४३ मध्ये हुद्द्याने एक पायरी खाली उतरून त्याने ६१७ स्क्वाड्रनची धुरा घेतली. जर्मनीतली धरणं फोडणारं ते हेच स्क्वाड्रन.

मला त्याची सर्वांत मोठी वाटते ती फेब्रुवारी १९४४ ची लिमोझची रात्र. फ्रान्समधल्या त्या कारखान्यात जर्मनांसाठी विमानांची इंजिनं बनत होती, आणि रात्रपाळीला होत्या बहुतेक फ्रेंच स्त्रिया. चेशायरने लँकेस्टर विमान अगदी खाली आणून कारखान्यावरून तीन फेऱ्या मारल्या. खालच्यांनी इशारा ओळखून बाहेर पळावं, एवढ्यासाठी. खुणेचे बॉम्ब त्याने चौथ्या फेरीत टाकले. तोवर शत्रू सावध होण्याचा धोका त्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता. याच बॉम्बर दलाने जर्मन शहरं जाळली आणि लाखो सामान्य माणसं मारली, हे विसरून त्याचं कौतुक करता येत नाही. म्हणून तर त्या तीन फेऱ्यांचं मोल अधिक.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिशांचा हा सर्वोच्च शौर्यसन्मान बहुधा एखाद्या प्रसंगातल्या पराक्रमाबद्दल देतात. चेशायरला तो मिळाला चार वर्षं आणि शंभर मोहिमा टिकलेल्या धैर्याबद्दल. मला हे धैर्य अधिक कठीण वाटतं. एका क्षणी माणूस भान हरपून झेपावू शकतो, पण शंभराव्या वेळी विमानात चढणाऱ्याला पुढे काय आहे ते सगळं माहीत असतं. राजाच्या हातून पदक घ्यायच्या दिवशी त्याने आग्रह धरला, की सोबतच्या नॉर्मन जॅक्सनला आधी द्यावं, त्याने जास्त जोखीम पत्करली, अशी आठवण सांगितली जाते. जॅक्सन हा उडत्या विमानाच्या पंखावर उतरून आग विझवायला गेलेला सार्जंट. राजशिष्टाचारापुढे चेशायरचा आग्रह चालला नाही.

९ ऑगस्ट १९४५ ला ब्रिटनचा निरीक्षक म्हणून त्याने विमानातून नागासाकीवरचा अणुस्फोट पाहिला. युद्धानंतर त्याने हवाई दल सोडलं. १९४८ मध्ये कर्करोगाने मरणाऱ्या एका निराधार माणसाला तो हॅम्पशायरमधल्या आपल्या घरी घेऊन आला आणि त्याची शुश्रूषा स्वतः केली. त्यातूनच अपंग आणि दुर्धर आजारी माणसांसाठीची 'चेशायर होम्स' उभी राहिली. भारतातलं पहिलं मुंबईत, अंधेरीला निघालं. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतल्याच कॅथेड्रलमध्ये त्याने स्यू रायडर यांच्याशी लग्न केलं. त्याही युद्धातल्या निर्वासित आणि आजारी लोकांसाठी काम करत होत्या. त्याच वर्षी या दोघांनी देहरादूनला 'राफेल' हे केंद्र सुरू केलं. कुष्ठरोगी आणि मतिमंद मुलांची तिथे सोय झाली. १९८१ मध्ये मिळालेला 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मान त्याला युद्धासाठी नव्हे, या कामासाठी मिळाला.